दुधाची मोळी

"आता हे जे सांगतो ना, ते इथल्या एकालाही पटायचं नाही. नका पटवून घेऊ. डोळ्यांनी बघेपर्यंत मलाही पटलं नव्हतं," असं म्हणून महिपतीने डोक्यावरच्या लोकरी टोपीचे दोन्ही कान वर दुमडले आणि कडुनिंबाखाली जमलेल्या माणसांवरून एकदा सावकाश नजर फिरवली.

चैत्रातलं ऊन. इंदापूरच्या आठवडी बाजारात सकाळी दहालाच पालांची फडकी तापली होती आणि कोथिंबिरीवर पाणी मारून मारून बायांचे हात थकले होते. अशा उन्हात लोकरी टोपी घालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर परदेशचा. महिपती दुसऱ्या जातीचा होता. निदान या बाजारात तरी.

"तिकडे कॅनडात पहाटे गाय पिळायला बसलं, की धार सडातून निघते, पण बादलीत पोचत नाही. मधीच गोठते."

"मधीच?" लसणाच्या ढिगामागून सुयोगने विचारलं.

"मधीच. सडापासून बादलीपर्यंत नुसती पांढरी काडी. गवळी ती कटकन मोडतो, बाजूला ठेवतो. दुसरी धार, दुसरी काडी. अशा पन्नास काड्या झाल्या की चार वाढी घ्यायची, पीळ द्यायचा, आन् मोळी बांधायची. उसाची बांधतो तशी."

"थांबा थांबा. वाढं म्हंजी उसाचा हिरवा शेंडा. कॅनडात ऊस कुठनं आला?"

कुणीतरी फिसकन हसलं. महिपतीने सुयोगकडे पाहिलं, ते शाळेतल्या ढ पोराकडे मास्तर पाहतो तसं.

"ऊस कशाला लागतोय? छपराच्या कडेनं बर्फ लोंबतं रात्रभर. पहाटेला पात्यागत लवलवतं. तेच वाढं. मग गवळी मोळी खांद्यावर टाकून दारोदार हिंडतो. बाया दारात येतात आणि म्हणतात, भाऊ, दोन हात दूध द्या. तो कोपरापासून बोटापर्यंत मोजून देतो."

"आन् साय?" वांग्यांच्या ढिगामागून गोजरबाईने विचारलं. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

"साय उसाच्या सालीसारखी सोलून काढतात. पोरं चघळत शाळेत जातात."

मग मात्र सगळेच हसले. एक म्हातारा पाठीवर थाप मारून गेला. दोन बायांनी हसता हसता गवार घेतली. महिपतीने टोपी काढून आतला घाम पुसला आणि पुन्हा घातली. 'टोपी काढा की पाव्हणं' असं कुणी म्हणालं तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "तिकडे ऊन मिळत नाही. विमानात पिशवीभर नेऊ देत नाहीत, म्हणून टोपीत भरून घेतोय."

हा कॅनडाचा पाहुणा सकाळी साडेसहाला माळेगाव बुद्रुकच्या फाट्यावर एसटीत बसला होता. बारामतीच्या स्थानकावर त्याने गाडी बदलली, एक चहा घेतला आणि ज्येष्ठ नागरिकाच्या अर्ध्या तिकिटात इंदापूर गाठलं. परदेशातून येणं इतकं स्वस्त अजून कुणाला पडलेलं नाही.

गोष्ट संपली, गर्दी पांगली. महिपती गोजरबाईच्या गोणपाटासमोर दोन पायांवर बसला. ही त्याची रोजची, म्हणजे दर बाजारची, जागा. गोजरबाई सत्तरीला टेकलेली होती. कपाळावर कुंकवाच्या जागी फक्त हिरवं गोंदण. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून ती सुनेबरोबर टेम्पोने माल घेऊन यायची. सून अनिता पलीकडच्या रांगेत टोमॅटो मांडायची आणि सासू कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसायची. सगळ्या बाजाराने बॅटरीवरचे काटे घेतले तरी तिची तागडी सुटली नव्हती. "त्या काट्यावर आकडं नाचत्यात," ती म्हणायची. "माझं पारडं एकदा बसलं की बसलं."

"बोला," तिने विचारलं. "बाईंनी काय सांगावा धाडलाय?"

"गेल्या बाजारची गवार निबर होती म्हणाली."

"निबर? मोडून बघितली का म्हणावं. कवळी गवार कटदिशी मोडती."

"मोडूनच बघितली. वाकली म्हणाली."

गोजरबाईने ढिगातली एक शेंग उचलली. मग हातातली गवारीची शेंग उगाच उलटसुलट करत म्हणाली, "वाकली असंल. दोन दिस लाईट न्हवती, पाणी न्हाय मिळालं रानाला. म्या म्हणलं कुणाच्या ध्यानात यायचं न्हाय. तुमच्या बाईस्नी फसवायचं काम न्हाय बाबा."

"नाहीच."

"आन् वांगी?"

"देठासकट केली, तुम्ही सांगितलं तशी. शेंगदाण्याचं कूट जास्त झालं."

"कूट जास्त व्हत नसतं. त्यास्नी म्हणावं, तेल कमी पडलं."

"तेल कमीच पडलं," महिपती म्हणाला. म्हणाला आणि चपापला, कारण तेल त्यानेच घातलं होतं.

माळेगावात शकुबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. इंदापुरात ती अजून गवारीला नावं ठेवत होती.

याची सुरुवात झाली होती पौषात. बायको गेल्यावर महिपतीने माळेगावच्या आणि बारामतीच्या बाजारात जाऊन पाहिलं होतं. नाही असं नाही. पण तिथल्या बाया शकुबाईच्या ओळखीच्या. तो दिसला की चालू असलेलं बोलणं थांबायचं. भाव विचारला की "न्या तात्या, तुमास्नी काय भाव" म्हणून पिशवी भरायची, वर दुप्पट कोथिंबीर पडायची आणि कुणीतरी पदर तोंडाला लावायचं. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस. ट्रॅक्टर काट्यावर चढायच्या आधी टायर बघून तो टन सांगायचा. अशा माणसाला वजनापेक्षा जास्त भरलेली पिशवी फार जड लागते. त्याने बाजार सोडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाटे आणायचा आणि आठवडाभर बटाटेच खायचा.

मग पौषातल्या एका सकाळी तो बारामतीच्या स्थानकावर नुसता बसला होता. समोर इंदापूरची गाडी लागली. लागली म्हणून चढला. अंगात मुलाने, विजयसिंहने, कॅनडाहून पाठवलेलं फुगीर जाकीट आणि डोक्यावर ही टोपी. बाजारात उतरून तो वांगी हातात घेऊन बघत उभा राहिला तेव्हा गोजरबाईने विचारलं, "पाव्हणं, एकलंच? बाई न्हाय आल्या बरूबर?"

तीन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. जे ओळखत होते त्यांना माहीत होतं आणि जे ओळखत नव्हते ते विचारत नव्हते. महिपतीचं तोंड उघडलं आणि आतून उत्तर आलं, "गुडघे दुखतात तिचे. बारामतीला बहिणीकडे थांबलीय."

एवढंच. पहिलं खोटं एवढंच होतं. त्याच्यावर आढं टाकायचं तर खांब लागतो, म्हणून पुढच्या बाजाराला कॅनडा आला. बहिणीकडे का उतरलात, तर सुट्टीला आलोय. कुठून, तर जाकीट बोलतंच आहे. कधीपर्यंत, तर पाडव्यापर्यंत. बोलणं शुद्ध ठेवायचा तो प्रयत्न करायचा, पण गोष्ट रंगात आली की कॅनडा मागे पडायचा आणि तोंडातून माळेगाव बाहेर यायचं. लोक म्हणायचे, चाळीस वर्षं तिकडं राहून भाषा न्हाय इसरलं बघा.

तशी कॅनडाची एक वेळ खरी होती. सहा वर्षांपूर्वी नवरा-बायको मुलाकडे पाच महिने जाऊन आले होते, आणि ते नेमके थंडीचे पाच महिने होते. महिपतीने बाजाराला सांगितलेल्या शंभर गोष्टींत खरी गोष्ट एकच होती, आणि गंमत अशी, की तीच कुणी खरी मानली नाही. ती म्हणजे, तिकडे मोठ्या दुकानात भाजी असते पण भाजीवाली नसते. आपणच घ्यायची, यंत्रावर ठेवायची, यंत्रच पैसे घेतं. कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही.

"मग भाव कुणासंगं करायचा?" गोजरबाईने तेव्हा विचारलं होतं.

"भाव करत नाहीत."

"चला, काय बी सांगताय. त्यो बाजार म्हणायचा का दवाखाना?"

दुसरीकडे सावली जमिनीला गोठून चिकटली आणि खुरप्याने खरवडून सोडवावी लागली, ही गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली होती.

त्या दुकानाची पुढची हकिकत महिपतीने पुष्कळ दिवस राखून ठेवली होती, आणि मागच्या महिन्यात एकदा सांगून टाकली. शकुबाईने त्या यंत्रावर मेथीची प्लॅस्टिकमधली जुडी ठेवली. यंत्र बोललं, पैसे भरा. शकुबाई जागची हलेना. मागे रांग लागली. मुलगा म्हणाला, आई चल. तर ती यंत्राला म्हणाली, "अगं, कोथिंबीर टाक की वर चार काड्या. दिसाची पहिली गिऱ्हाईक मी." रांगेतल्या गोऱ्या माणसांना काही कळलं नाही. मुलगा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. शकुबाई मात्र मिनिटभर थांबली, यंत्राला जरा अक्कल येते का पाहायला.

गोजरबाई हे ऐकून हसली ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बाई माझ्यासारखीच हाय की," ती म्हणाली, आणि तेव्हापासून दर बाजारी पिशवीत चार काड्या कोथिंबीर जास्तीच्या टाकायला लागली. "ह्या यंत्राकडनं म्हणावं."

महिपती तो निरोप घेऊन अर्ध्या तिकिटाने माळेगावला जायचा. घरी गेल्यावर गवार मोडून बघायचा. वांगी देठासकट करायचा. जे बिघडेल ते लक्षात ठेवायचा, कारण पुढच्या बाजाराला शकुबाईचा सांगावा म्हणून तेच न्यायचं होतं.

"पाव्हणं, हे वांगं किती?" सुयोगने आज एक भलंमोठं वांगं पुढे केलं. हाही रोजचा खेळ होता.

महिपतीने ते तळहातावर घेतलं, एकदा हिंदकळवलं. "तीनशे चाळीस."

सुयोगने ते आपल्या काट्यावर ठेवलं. तीनशे पंचेचाळीस.

"पाच ग्रॅम चुकला."

"देठावर पाणी मारलंय गोजरबाईनं. ते पाचाचं पाणी."

"नोकरी कसली हुती म्हणायची तुमची तिकडं?"

"वजनमापं खात्यात. सांगितलंय की."

"सांगितलंय," सुयोग म्हणाला. तो चाळिशीचा माणूस, वाईट नव्हता. पण लसूण सोलता सोलता माणूससुद्धा सोलून बघायची सवय. त्याने मोबाईल काढला. "तुमचा त्यो सावलीचा किस्सा हाय न्हवं, गेल्या बाजाराला म्या व्हिडिओ केलता. मेव्हण्याला धाडला. त्यो माळेगावचा. म्हणला, ह्या माणसाला कुठंतरी बघितलंया. बहुतेक कारखान्याच्या काट्यावर."

गोजरबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला वांगी तोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"एका तोंडवळ्याची सात माणसं असतात जगात," महिपती म्हणाला.

"असत्यात. पर सातीजणं हातात घिऊन वजन सांगत न्हाईत." सुयोग हसला. "असूं द्या. पुढच्या बाजाराला त्यो कलिंगडाची पिकअप घिऊन येतोयच हितं. बसवू दोघास्नी समोरासमोर. गंमत हुईल."

"होईल की," महिपती म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "जरा फेरी मारून येतो."

त्याने सगळा बाजार एकदा पालथा घातला. मिरच्या, मटकी, दोरखंडं, खुरपी, बांगड्या. बांगडीवाल्याने सवयीने हाक मारली, "पाव्हणं, बाईंसाठी?" त्याने सवयीनेच मान हलवली. पलीकडे रिकाम्या टोपल्यांच्या उतरंडीपाशी तो थांबला. फेरी मारून यायला त्याला कधी एवढा वेळ लागत नसे.

गोजरबाईला सगळं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात एकदा आलं. काय बिघडणार होतं? ती वाईट बाई नव्हती. उलट, तिने चार शब्द गोड बोलून समजून घेतलं असतं. आणि तिथेच तर सगळं अडत होतं. ती गोड बोलली असती, हात थांबला असता, पिशवी जास्त भरली असती. गवार निबर होती, हे त्यानंतर कुणाच्या तोंडून सांगायचं? तेल कमी पडलं म्हणून कुणाला रागवायचं? माळेगावात शकू एकदा गेली होती. ती पुन्हा जाताना बघण्याची ताकद त्याच्यात नव्हती. तेही वांग्यांच्या ढिगासमोर, चारचौघांत.

आणि मेव्हण्याच्या तोंडून कळलं तर त्याहून वाईट.

राहता राहिला एक मार्ग. पाहुण्याने परत जायचं. पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते, आणि लोक विचारायलाही लागले होते, की पाव्हणं, सुट्टी लांबली का. कॅनडाला गेलेलं माणूस मेलेलं नसतं. त्याचा फोन येत नाही, एवढंच. विजयसिंहचा तरी कुठे येत होता. शकुबाई या बाजारापुरती विमानात बसेल, गुडघे चोळत जाईल, आणि कडुनिंबाखाली कुणीतरी कधीतरी म्हणेल, ती कॅनडाची बाई गवारीची लई पारखी होती. होती नव्हे, आहे म्हणेल.

मग त्याने टोपी नीट केली आणि कडुनिंबाकडे वळला.

ऊन डोक्यावर आलं होतं. गिऱ्हाइकं विरळ झाली होती. गोजरबाईने भाकरीचं फडकं सोडलं होतं आणि सुयोग तिच्याकडून ठेच्याचा गोळा घेत होता. सून अनिता टोमॅटोचं पाल सोडून सासूला पाणी द्यायला आली होती.

"बसा पाव्हणं, चतकूर खावा," गोजरबाई म्हणाली.

"नको. सांगायला आलो. निघालो आम्ही. उद्याचंच विमान आहे."

सुयोगचा हात ठेच्यावर थांबला. "उद्या? मगाशी न्हाय बोललासा."

"मगाशी फोन आला पोराचा. बर्फ वितळायला लागलंय म्हणतो. सावल्या सुट्या झाल्यात सगळ्यांच्या, उगा दुसऱ्याची कुणी नेऊ नये. आपली ताब्यात घ्यायला या म्हणाला."

अनिता तोंडाला पदर लावून हसली. सुयोगही हसला, पण हसताना महिपतीच्या तोंडाकडे बघत राहिला. गोजरबाईने भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"म्हंजी पुढच्या बाजाराला न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

"बाई बी."

"ती पण. सामान बांधतेय बसून. तुमची वांगी शेवटची केली काल. तेल बरोबर पडलं म्हणाली."

"म्हणल्या?"

"म्हणाली. कॅनडात अशी वांगी नाहीत, म्हणाली. गोजरबाईला सांगा म्हणाली."

गोजरबाईने मान हलवली. मग मागे वळून बुंध्यापाशी ठेवलेली वायरची पिशवी पुढे ओढली. "मला ठावं हुतं एक दिस निघाल. पाडव्यालाच निघायचं हुतं न्हवं तुमचं? तीन बाजार झालं, ही पिशवी वागवतीया. नारळ सुकून खोबरं व्हायची पाळी आली. मला वाटलं, जाताना तरी बाई यील, झाडाखाली बसवीन, गवारीवरनं चार शब्द आईकवील. न्हाय आली. गुडघं म्हणल्यावर काय करणार. तुमच्या हातनं धाडती."

महिपती खाली बसला. बसावंच लागलं. असं काही पुढे आलं की उभं राहून घेत नाहीत.

गोजरबाईने आधी नारळ दिला. महिपतीच्या हाताने तो सवयीने हिंदकळला. पाचशेच्या आत, पाणी आटत आलेलं. नारळ पिशवीत गेला. मग हिरवा खण आला, घडी न मोडलेला, काठाला लाल. "इंदापुरातच घेतलाय. तिकडं कोण शिवंल का न्हाय कुणास ठावं. नुसता ठिवला तरी चालंल म्हणावं." खण पिशवीत गेला. मग कागदात पसाभर गहू, एक हळकुंड, सुपारी. तेही गेलं. महिपती एकेक गोष्ट घेत होता आणि ठेवत होता.  महिपती गप्प बसलेला या झाडाने आजवर पाहिला नव्हता.

शेवटी गोजरबाईने सुनेकडे पाहिलं. "तू दे. माझ्या हातचं चालत न्हाय."

अनिताने कमरेची पिशवी उघडली आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक बारीक पुडी काढली. वरून दोरा गुंडाळलेला. घडीतून जरासं कुंकू बाहेर आलं होतं आणि कागदाची कड लाल झाली होती.

"आत्तींनी सांगितल्यापासनं मीच बांधून ठेवलीया," ती म्हणाली. "काकींस्नी द्या. म्हणावं, लावूनच विमानात बसा."

महिपतीचा हात पुढे गेला. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर जोखलेला हात. पुडी तळहातावर आली. तिला वजनच नव्हतं. सांगण्यासारखं एक ग्रॅमही नव्हतं. बोटं मिटली नाहीत. हात तसाच उघडा, तसाच मागे आला आणि समोरच्या तागडीच्या पारड्यावर त्याने पुडी उतरवून ठेवली. हळू, विंचू उतरवावा तशी. पारडं हललंसुद्धा नाही.

"हे राहू दे," तो म्हणाला. आवाज कॅनडाचा नव्हता आणि माळेगावचाही नव्हता. त्याने घसा खाकरला. "त्याचं काय हाय, विमानात कुंकू चालत न्हाय. तिकडं नेमच हाय तसा. लाल रंग दिसला की विमानाला वाटतंय शिग्नल पडला. मग त्ये जागच्या जागी थांबतंय. ढगात. तास न् तास. मागच्या खेपेला एका बाईच्या कपाळावर हुतं, तर..."

तो थांबला. तर पुढे काय झालं, ते त्याला सुचलं नाही. टोपीच्या कडेतून घामाचा ओघळ कानावर आला तरी त्याने पुसला नाही.

कुणी हसलं नाही. अनिता सासूकडे बघायला लागली. सुयोगने मान खाली घालून लसणाची एक कुडी उचलली.

गोजरबाई पारड्यावरच्या पुडीकडे बघत होती. मग तिने महिपतीच्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच उघडा होता, आणि मागे घेतला तिथेच होता. तिचं बोट नकळत कपाळावरच्या हिरव्या गोंदणापाशी गेलं आणि खाली आलं.

"दुधाच्या मोळ्या बांधल्या, म्या खरं मानलं," ती सावकाश म्हणाली. "सावली खुरप्यानं खरवडली, त्येबी खरं मानलं. कॅनडा बी मानला. पर ह्ये खोटं हाय, पाव्हणं."